घामाला न सुटणारी पट्टी

आमच्या इरावतीचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोललेल्या दुधीसारखा गुळगुळीत आहे. उजव्या हातावर चारचौघींसारखी लव आहे, डाव्यावर औषधालाही केस नाही. लग्नकार्यात एखादी नवी पाहुणी तो हात बघते, मग माझ्याकडे बघते आणि काही दुखणं आहे का हो, असं डोळ्यांनीच विचारते. मी मोठ्याने सांगते, "दुखणं नाही बाई, नोकरी आहे." इरावती तेव्हा पदर ओढून हात झाकते आणि माझ्यावर डोळे वटारते.

इरावती माझी भावजय. शिशिर माझा धाकटा भाऊ, त्याची ही बायको. माहेर नागपूरचं, शिक्षण रसायनशास्त्राचं, आणि नोकरी नवा रायपुरातल्या एका संशोधन संस्थेत. मी मंजिरी, या घरातली मोठी मुलगी. नवरा गेल्यावर माहेरी परतले आणि तेव्हापासून रायपूरच्या बूढ़ापारा मोहल्ल्यात डबे करून देते. माझ्या वरणाची चव अर्ध्या रायपूरच्या पोरांना ठाऊक आहे. माझ्या तोंडाचा पट्टाही तितकाच ठाऊक आहे, ते मी नाकारत नाही.

ही पॉलिमरवर काम करते, असं लग्न ठरताना कळलं. पॉलिमर म्हणजे प्लास्टिक एवढंच मला माहीत होतं, आणि प्लास्टिकमध्ये शिकण्यासारखं काय मेलं असतं, असं मी तिला पहिल्याच आठवड्यात विचारून टाकलं. दुसरी एखादी रुसून बसली असती. हिने माझ्या ताटातली शेवई उचलली आणि म्हणाली, "ताई, लहान लहान कणांनी एकमेकांचे हात धरले अन् अशी लांबलचक माळ झाली, की तिले पॉलिमर म्हणायचं. कापूस, रेशीम, डिंक, तुमचे केस, सारं तेच." मी म्हटलं, "माझे केस गळून राहिले, त्याचं काही कर आधी." तिला हसू आवरेना. त्या दिवशी आमची गट्टी जमली.

दर वर्षी मे महिन्यात आमच्याकडे भोकराचं लोणचं घालतात. भोकराला इकडे बोहार म्हणतात. चैत्रात त्याच्या कळ्यांची भाजी येते, मग फळं. गल्लीच्या तोंडाशी शेवंता टोपली घेऊन बसते, तिच्याकडूनच आम्ही घेतो. भोकराच्या आत असा चिकट चीक असतो, की बी काढताना बोटं एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून काडी मिठात बुडवायची आणि तिने बी काढायची. मीठ लागलं की चीक पकड सोडतो. ही काही गुप्त विद्या नाही, लोणचं घालणाऱ्या सगळ्या बायका असंच करतात.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात इरावती माझ्यासोबत भोकरं फोडायला बसली आणि तिचं चित्त लोणच्यातून उडालं. दोन बोटांना चीक लावायचा, दाबायचा, ओढून बघायचा. मग मीठ, की बोटं मोकळी. परत चीक. अर्धी परात भोकरं तिने त्यातच वाया घालवली आणि मी कपाळाला हात लावला. तिने पुढे जखमांसाठी जी पट्टी केली, तिचा उगम माझ्या लोणच्यात आहे, असं मी आज चार गल्ल्यांत सांगते. ती खोडून काढत नाही. फक्त हळूच म्हणते, "लोणच्यापासून पट्टीपर्यंत यायला माझे केस पिकले, ताई, तेही सांगा."

तिला पट्टी कशाला हवी होती, ते शेवंताकडे बघितलं की कळतं. शेवंताला सिकलसेल आहे. रक्ताचा हा आजार आमच्या भागात घरोघरी सापडतो. शेवंताला त्यातून डाव्या पायाच्या घोट्यावर जखम झाली, ती कित्येक वर्षं भरलीच नाही. अशा जखमेवरची कापडी पट्टी वाळून मांसाला चिकटते. काढताना खालची नवी कातडीही सोबत येते. सरकारी दवाखान्यात पट्टी बदलायची वेळ आली, की शेवंता असा टाहो फोडायची की शेजारच्या खाटेवरची माणसं उठून बाहेर जायची. मग ती जायचंच टाळायची. घरीच चिंधी बांधून टोपलीशी बसायची. जखम चिघळायची. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर विष हाडात जाईल आणि पाय कापावा लागेल.

इरावतीने हे तिच्या तोंडून ऐकलं, भाजी घेता घेता. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. शिशिरला म्हणाली, "पट्टी काढायच्या भीतीनं बाईचा पाय जाऊन राहिला." पुढची वर्षं तिच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता.

तिने केलेली पट्टी दिसायला अगदी साधी. मधोमध पाणी धरून ठेवणारी मऊ चकती, ती जखमेवर बसते पण चिकटत नाही. भोवतीने पातळ कड, ती चांगल्या कातडीला चिकटते, ओल्या कातडीलाही. आणि घट्ट मिठाच्या पाण्याचा बोळा कडेवरून फिरवला की कड आपोआप उचलली जाते. ओढायचं नाही, खरवडायचं नाही. मी तिला चिडवायचे, "जखमेवर मीठ चोळायला सरकार तुले पगार देते." ती म्हणायची, "जखमेवर नाही हो, कडेला." प्रत्येक नवी पट्टी आधी तिच्या डाव्या हातावर लागायची. सुरुवातीच्या पट्ट्या मिठाला दाद देत नसत, तेव्हा केस उपटून निघायचे. त्यातूनच हात असा दुधीसारखा झाला.

शेवटी पट्टी जमली. संस्थेतल्या सगळ्यांनी हातावर, पायावर लावून पाहिली. तीन-तीन दिवस जागची हलली नाही आणि मिठाच्या पाण्याने अलगद निघाली. कागदपत्रं तयार झाली. माणसांच्या जखमांवर वापरायची परवानगी देणारी समिती असते, तिची बैठक ठरली. रुग्णांच्या यादीत शेवंताचं नाव पहिलं होतं. इरावतीने ते तिला सांगितलं, तेव्हा शेवंताने टोपलीतली मूठभर भोकरं जास्तीची आमच्या पिशवीत टाकली. शेवंता वजनात एक शेंग जास्त पडू देत नाही, म्हणून मला ते लक्षात राहिलं.

बैठकीच्या आधीच्या आठवड्यात मी इरावतीच्या मागे लागले, की मलाही एक पट्टी लाव. डबे न्यायला येणाऱ्या पोरांना दाखवायची होती, दुसरं काही नाही. तिने माझ्या मनगटाच्या वर लावून दिली. मे महिना, बाहेर लूचा गरम वारा वाहत होता आणि कूलर बाहेरच्या खोलीत. माझ्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या आणि तव्यावर पोळ्या. सकाळी लावलेली पट्टी दुपारी माझ्या हातावर नव्हती. शोधाशोध केली, तर कणकेच्या गोळ्यात सापडली. ती सगळी कणीक फेकावी लागली आणि डबे उशिरा गेले. संध्याकाळी इरावती चप्पल काढते न काढते तोच मी तिच्यापुढे ताटली आदळली. "घे तुझी पट्टी. पोळीत लाटली असती मी आज."

तिने पट्टी उचलून उजेडात धरली. मला वाटलं, आता म्हणेल की ताई, तुम्हीच ओढली असेल. ती म्हणाली, "तुम्ही शेगडीजवळ किती वेळ होत्या?"

"मी काय घड्याळ लावून बसते? सकाळपासून उभीच आहो."

"घाम आला होता?"

"मे महिन्यात येणार नाही तर काय? नदी वाहून राहिली होती अंगावरून."

ती उठून माझ्या मागे गेली. माझ्या काळ्या ब्लाउजच्या पाठीवर घाम वाळून पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, तिथे तिने बोट फिरवलं. मग माझ्या दंडावरून बोट पुसलं आणि चक्क जिभेला लावलं. मी "शी!" करून किंचाळले. ती तशीच खाली बसली.

मग तिने मला समजावून सांगितलं. खरं म्हणजे स्वतःलाच सांगत होती. घामात मीठ असतं, हे तिला माहीत होतंच, आणि त्यासाठी तिने घामासारखं पाणी बनवून पट्टी तपासलीही होती. घामातलं मीठ कमी असतं, तेवढ्याने पट्टी सुटत नाही. पण शेगडीपाशी घाम येतो, वाळतो, मीठ तिथेच राहतं. त्यावर परत घाम, परत मीठ. दुपारपर्यंत पट्टीच्या कडेला लोणच्याच्या खाराइतकं मीठ जमलं होतं. संस्थेत हे कुणाच्याच अंगावर घडलं नाही, कारण तिथे कुणाला घाम येतच नाही. चौघं मिळून पाळीपाळीने एकेकाच्या एसी गाडीतून जातात, एसी खोल्यांत बसतात, एसी गाडीतून परत येतात. "रायपुरात राहून आम्ही रायपूरचा उन्हाळा विसरलो, ताई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मग आता?"

"शेवंता दिवसभर उन्हात बसते. तिच्या लुगड्याखाली पट्टी सरकली तर तिले कळणार पण नाही. माशा बसतील, धूळ जाईल. तिची जखम आहे त्याहून वाईट होईल."

मला सगळं कळत होतं, तरी मी तिला म्हटलं, की बाई गं, आत्ता गप्प राहा. परवानगी पदरात पडू दे, मग सुधारत बस. एवढ्या वर्षांच्या मेहनतीवर एका पोळीपायी पाणी फिरवू नकोस. मी तिची नणंद आहे, तिच्या भल्याचंच बोलत होते. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि भार्गव सरांना फोन लावला.

भार्गव सर तिच्या विभागाचे प्रमुख. पुण्याकडचे, माणूस सज्जन. दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आले. मी चहा घेऊन गेले आणि चहा दिल्यावरही तिथेच बसले, कारण माझ्या कणकेचा विषय होता. ते शांतपणे म्हणाले, "इरावती, पहिली चाचणी वॉर्डात होणार आहे. रुग्ण खाटेवर असतील, पंख्याखाली असतील. पट्टी टिकेल. पुढच्या टप्प्यात घामाचं बघू. आत्ता अर्ज मागे घेतलास तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला वाईट वाटतं ते त्या रुग्णांचंच. त्यांना आणखी किती थांबवणार?"

मला त्यांचं पटलं. खोटं सांगायचं, असं ते म्हणत नव्हतेच. इरावतीने बशीतल्या बिस्किटाचे तुकडे केले. मग म्हणाली, "सर, वॉर्डात टिकली तर सगळे म्हणतील, पट्टी चांगली आहे. मग ती घरी नेतील. खाटेवर पडून राहायले कोणाले परवडते? माझ्यावर विश्वास ठेवून उन्हात जातील."

"म्हणजे मागे घ्यायचा?"

"हव," ती म्हणाली. आमच्याकडे होकार असाच देतात, आणि पुण्याच्या माणसाला तो एवढ्या वर्षांत कळायला लागला होता. त्यांनी चहा संपवला, मान हलवली आणि निघाले. जाताना दारात मला म्हणाले, "तुमच्या पोळ्या महागात पडल्या हो आम्हाला." मी म्हटलं, "खाऊन तर बघा आधी." बिचारे हसले. अर्ज त्यांनीच मागे घेतला आणि समितीपुढे कारणही खरं तेच सांगितलं.

शेवंताला कोण सांगणार, हा प्रश्न होता. दवाखान्यातून कुणी सांगितलं असतं, चाचणी पुढे ढकलली म्हणून. इरावती स्वतः गेली. मी सोबत गेले, कारण शेवंताची जीभ मला ठाऊक आहे. गल्लीच्या तोंडाशी, भर बाजारात, टोपलीसमोर उकिडवं बसून हिने सगळं सांगितलं. पट्टी घामाने सुटते, चूक आमची आहे, आता दुसरी करायची, वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही.

शेवंताने भाजीवर पाणी शिंपडायचं थांबवलं. "मंग चूक तुमची अन् बोंबलायचं मी?"

"हो," इरावती म्हणाली.

"मी नाव लिवलं, आंगठा दिला. रोज वाट पाहून राहिली मी. अन् तुम्ही सांगता थांब? ज्याचा पाय जाते त्याले विचारा थांबणं काय असते. उठा इथून. मले तुमचं थोबाड नाही पाहायचं."

आजूबाजूला माणसं जमली. एकाने मोबाईलही काढला. मी दोन पावलं पुढे झाले, तर इरावतीने माझं मनगट धरलं. घरी आल्यावर मी म्हटलं, "तोंडावर पडायची एवढी हौस होती तर मले कशाला नेलं?" ती म्हणाली, "ती खरं बोलली, ताई." आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या तव्यासमोर उभी राहिली. "उद्यापासून पोळ्या मी लाटते. डाव्या हातावर पट्ट्या लावून."

अख्खा उन्हाळा तिने माझ्या शेगडीपाशी काढला. सकाळी पोळ्या लाटायची, मग कामावर. तिच्या पोळ्यांचे आकार बघून डबेवाली पोरं विचारायची, आंटी, आज कौनसा नक्शा है? मी सांगायचे, छत्तीसगढ़ है, चुपचाप खाओ. गाडीतली जागाही तिने सोडली. बसने जायला लागली. नवा रायपूरची बस येईल तेव्हा येणार, आणि उतरल्यावर त्या रुंद रुंद रस्त्यांवर सावलीला झाड नाही. बाहीखाली पट्ट्या लावून ती भर उन्हात चालत संस्थेत जायची. तिथे लोकांत कुजबुज झाली, की शिशिरने गाडी विकली वाटतं. शिशिर बिचारा उगाच बदनाम झाला.

पण मी तिला मानते ते यासाठी नाही. उन्हात चालणारे पुष्कळ असतात. मी तिला मानते ते दवाखान्यासाठी.

शेवंताने हाकलून दिल्यावर पुढच्याच वेळी, पट्टी बदलायच्या दिवशी, इरावती दवाखान्यात तिच्या खाटेपाशी जाऊन बसली. तिथल्या रमा सिस्टर कामाच्या आणि मायाळू, पण एका बाईमागे एवढे रुग्ण की बसून पट्टी भिजवत राहायला त्यांना वेळ कुठला? वाळलेली पट्टी घाईने काढली की कातडी जाणारच. इरावतीने त्यांची परवानगी काढली, त्यांच्याकडून शिकून घेतलं, आणि कोमट पाणी थेंब थेंब सोडत ती चिकटलेली पट्टी भिजवत बसली. तास तास लागायचा. तरीही दुखायचंच, फक्त आधीपेक्षा कमी. शेवंता खाटेचा गज धरून डोळे मिटून शिव्या घालायची. तिच्या शिव्यांचा क्रम ठरलेला होता. आधी कूलरला, मग डॉक्टरला, मग सरकारला आणि सर्वांत शेवटी इरावतीला. तिला सगळ्यात लांब आणि सगळ्यात वाईट. इरावती मान खाली घालून थेंब सोडत राहायची.

मी एकदा भडकले. म्हटलं, "शिव्या खायले जातेस का तिथं? तुझं काम संस्थेत आहे."

ती म्हणाली, "ताई, तिले मी थांबवलं आहे. तिथं नाही गेली तर मले हळूहळू वाटायले लागेल, की घाई काय आहे."

मी गुपचूप तिच्या डब्यात एक लाडू जास्त ठेवला. शेवंताच्या नावाचाही एक डबा त्या दिवसापासून जायला लागला. शेवंता डबा घ्यायची, शिव्या तशाच द्यायची. आणि मुख्य म्हणजे, पट्टी बदलायला यायचं तिने टाळलं नाही. कदाचित शिव्या द्यायला समोर माणूस मिळालं म्हणूनही असेल. जखम भरली नाही, पण पुढे चिघळलीही नाही. पाय राहिला.

इकडे संस्थेत एकामागून एक पट्ट्या फसत होत्या. मीठ आणि आंबट, मीठ आणि गरम पाणी, नुसतं गरम पाणी. घामाला टिकली तर निघेना, निघाली तर टिकेना. आमच्या घरी जेवताना दुसरं बोलणंच नसायचं. आणि हिचा एक हट्ट. पट्टी काढायचं पाणी असं हवं, की जे कुठल्याही पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुठल्याही गावात सहज मिळेल. शहरातल्या औषधाच्या दुकानात मिळणारी महाग बाटली नको. त्या हट्टापायी चांगल्या चांगल्या दोन-तीन पट्ट्या तिने बाजूला टाकल्या आणि तिच्या नाकी नऊ आले.

जी जमली, तिचं तिने मला असं सांगितलं. आधीच्या पट्टीला नुसती कडी होती, मिठाने कडी निघायची. आता कडीसोबत कुलूपही घातलं. त्या लांबलचक माळांना हात धरायची आणखी एक जागा दिली, आणि ती पकड साखरेने सुटते. नुसतं मीठ आलं तर कडी निघते, पण कुलूप असतं. नुसती साखर आली तर कुलूप निघतं, पण कडी असते. घामात मीठ असतं, पण साखर जवळजवळ नसते. तेव्हा कितीही घाम येऊ दे, दार उघडत नाही.

"अन् मीठ-साखर दोन्ही असलेलं पाणी कुठं मिळते?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला हसू फुटलं. जुलाब झालेल्या लेकराला पाजायची ओआरएसची पुडी. ती आमच्याकडे प्रत्येक मितानिनच्या झोळीत असते. मितानिन म्हणजे पाऱ्यापाऱ्यात, गावोगाव औषधं पोचवणारी बाई. ती पुडी थोड्याशा पाण्यात घट्ट कालवायची, बोळा भिजवायचा, कडेवरून फिरवायचा. मी त्या दिवशी इरावतीच्या तोंडात साखर घातली. तिने ती थुंकून टाकली, कारण हातावर पट्टी होती आणि तिला वाटलं, साखर त्यावर सांडेल. अशी ही बाई.

पुढचा सबंध मे महिना मी दर तीन दिवसांनी नवी पट्टी लावून शेगडीपाशी उभी राहिले, एकही सुटली नाही. पुन्हा समिती बसली, परवानगी मिळाली. शेवंताचं नाव याही वेळी पहिलंच लिहिलं. आधीच सांगते, पट्टीने सिकलसेल बरा होत नाही, आणि एवढी जुनी जखम चार दिवसांत भरत नाही. तसं कुणी म्हटलं तर इरावती त्याच्यावर धावून जाते. पट्टीने एवढंच होणार होतं, की ती काढताना शेवंताची कातडी तिच्यासोबत जाणार नव्हती.

पट्टी लागली, आणि शेवंता ती घेऊन तीन दिवस उन्हात टोपलीशी बसली. मी जाता-येता बघत होते. लुगडं जरा वर करून ती स्वतःच सारखी बघायची, आणि मी दिसले की तोंड फिरवायची. चौथ्या दिवशी दवाखान्यात पट्टी काढायची होती. मी डब्यांना सुट्टी दिली आणि गेले. भार्गव सर भिंतीशी उभे होते. इरावतीने रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता, ते तिच्याकडे बघूनच कळत होतं.

शेवंताने नेहमीसारखा खाटेचा गज धरला, तोंड भिंतीकडे केलं आणि डोळे गच्च मिटले. रमा सिस्टरनी पुडी कालवली, बोळा भिजवला. पाण्याचा पहिला स्पर्श होताच शेवंताने सुरुवात केली. कूलर झाला, डॉक्टर झाला, सरकार झालं. इरावतीची पाळी आली. "अन् ही मोठी शिकलेली, हिचं—"

"निघाली, शेवंता," सिस्टर म्हणाल्या.

"काय निघाली?"

"पट्टी."

शेवंताने मान वळवली. सिस्टरच्या हातातल्या पट्टीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाकडे. जखम होती तशीच, पण एक थेंब रक्त नव्हतं. अर्धी राहिलेली शिवी तिच्या तोंडातच राहिली.

"परत लावा," ती म्हणाली.

सिस्टर म्हणाल्या, "हो, आता स्वच्छ करून नवी लावतेच आहो. पुढच्या खेपेले काढू."

"नाही. आत्ता लावा, अन् आत्ताच काढा. मी डोळे मिटले होते. मले पाहू द्या."

सिस्टरनी इरावतीकडे पाहिलं. इरावतीने मान हलवली, स्वतः पुढे आली, कातडी पुसून कोरडी केली आणि नवी पट्टी लावली. कड बोटाने दाबत गोल फिरली. जरा थांबून ओला बोळा फिरवला. शेवंता उठून बसली होती आणि श्वास रोखून बघत होती. कड उचलली गेली आणि पट्टी इरावतीच्या तळहातावर आली. ज्या पायाला हात लागण्याआधी ही बाई वॉर्ड डोक्यावर घ्यायची, तो पाय तिने स्वतःहून पुढे सरकवला.

इरावती खाली फरशीवर बसली, खाटेच्या कडेला डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. शेवंताच्या शिव्या खाताना नाही, अर्ज मागे घेताना नाही. शेवंताने गज सोडला आणि तिच्या त्या दुधीसारख्या गुळगुळीत हातावर आपला हात ठेवला.

"तुम्ही काहून रडून राहिल्या, बाई?" ती म्हणाली. "पाय तं माहा आहे. उठा. लावा आणखी एक डाव."